गाय पान्हा का चोरते?

दिवाळीची सुरुवात आकाशकंदिलाने होते असे शहरातल्या माणसाला वाटते. खेड्यात विचाराल तर ती गोठ्यापासून होते. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, तिन्हीसांजेला गाईच्या कपाळावर कुंकू आणि वासराच्या पाठीवर घरातल्या म्हातारीचा हात पडला, की मग दिवाळी उंबरठा ओलांडून आत यायची. आणि ही पूजा नुसत्या गाईची नव्हे, सवत्स धेनूची. गाईशेजारी वासरू हवेच. आपल्या पूर्वजांना मायेसाठी शब्द हवा होता, तेव्हा त्यांनी तो 'वत्स' या शब्दावरूनच घेतला आणि 'वात्सल्य' असे नाव ठेवले.

दिवाळी अंकात या सदराला चार पाने जास्त मिळतात. म्हणून यंदा जरा ऐसपैस गोठ्यातच बसायचा बेत आहे. विषय शास्त्राचा आहे, पण वाचकांनी घाबरू नये. किंबहुना, घाबरण्याचा आणि दुधाचा संबंध काय, हाच आजचा विषय आहे.

तो संबंध मला प्रथम कळला तो एका गुन्ह्यातून. गुन्हा माझाच होता.

आजोळी आमची एक गाय होती. रंगाने तांबडी, म्हणून नाव तांबू. दोन्ही वेळचे मिळून चार-पाच लिटर दूध द्यायची. घरापुरते ठेवून बाकीचे रतीबाला जायचे. त्या वर्षी खालच्या आळीतल्या एका घरी बाळंतीण होती आणि त्या घरी सकाळचे दूध वेळेवर पोचलेच पाहिजे, असा आजीचा दंडक होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी नेहमीप्रमाणे चरवी घेऊन धारेला बसली. मी अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास आणि हातात उदबत्ती अशा थाटात गोठ्याच्या मागे गेलो आणि भिंतीला लागून लवंगी फटाक्यांची माळ लावून दिली.

पुढचे सांगायला नकोच. तांबू उसळली, चरवी एकीकडे आणि आजी दुसरीकडे. सुदैवाने आजीला लागले नाही. सांडले ते थोडेच दूध होते. पण त्यानंतर आजीने पुन्हा बसून सडाला हात घातला तर थेंब येईना. कास तर टम्म भरलेली. मामा संतापून पुढे आला आणि त्याने गाईवर हात उगारला. आजीने त्याचा हात धरला.

"मारू नकोस रे तिला. देत नाही असं नाही, तिला देता येत नाहीये."

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तू खालच्या आळीत जा आणि सांगून ये, दूध यायला उशीर होईल म्हणून. का होईल तेही सांग."

मी गेलो. दारात त्या घरच्या आजीबाई उभ्या होत्या आणि आत तान्हे मूल रडत होते. मी कारण सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "बरं बाळा." रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

परत आलो तेव्हा आजी तांबूच्या गळ्याखालची पोळी खाजवत उभी होती. कोणी घाई करीत नव्हते. वासरू सोडले होते, ते ढुशा देत होते. बऱ्याच वेळाने तांबूने मान खाली घातली, वासराला चाटायला लागली आणि आजी हळूच म्हणाली, "सुटला पान्हा." मग चरवीत नेहमीसारखी धार वाजू लागली.

पुष्कळ वर्षे मला एक कोडे पडले होते. त्या तासाभरात ते दूध होते कुठे? घरातली माणसे म्हणायची, "पान्हा वर चढला." पण वर म्हणजे कुठे? पोटात? पाठीत? आणि आजीचे ते वाक्य नुसती माया होती, की त्यात काही तथ्य होते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दूध कुठेच गेले नव्हते. आपल्याला वाटते की कास म्हणजे दुधाची पिशवी आणि सड म्हणजे तिची तोटी. तसे नसते. कास ही बरीचशी स्पंजासारखी असते. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बारीक पुटकुळ्यांचे घोसच्या घोस असतात. दूध तयार होते ते या पुटकुळ्यांच्या भिंतीत, आणि साठतेही मुख्यतः त्यांच्या पोटात आणि त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या नळ्यांत. सडाच्या वर प्रत्येक भागात एक छोटी टाकी असते खरी, पण धारेच्या वेळी कासेतल्या दुधापैकी साधारण पाचवा हिस्साच तिच्यात असतो. म्हशीच्या टाकीत तर त्याहूनही कमी, विसातला एखादा हिस्सा. बाकीचे दूध वर पुटकुळ्यांत अडकलेले. ओल्या स्पंजातले पाणी जसे आपोआप खाली गळत नाही, तसे हे दूधही सड कितीही ओढला तरी खाली येत नाही. स्पंज पिळावा लागतो.

निसर्गाने पिळण्याची सोय केलेली आहे. प्रत्येक पुटकुळीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची एक जाळी असते. टोपलीत नारळ ठेवावा तशी. १९४९ साली रिचर्डसन या शास्त्रज्ञाने शेळीच्या कासेत ही जाळी फार स्पष्ट दाखवून दिली. जाळी आवळली की पुटकुळी पिळली जाते, दूध नळ्यांत उतरते, टाकी भरते, सड ताठ होतात. गवळी ज्याला 'पान्हा सुटला' म्हणतो तो हा क्षण. जाळी आवळली नाही तर दूध जागच्या जागी राहते. पान्हा वर चढत नाही. तो खाली उतरत नाही, एवढेच.

आता दुसरा प्रश्न. या जाळीला हुकूम कोण देते, आणि तो हुकूम अडवते कोण? इथे रक्ताची गोष्ट सांगावी लागेल.

दूध रक्तापासून तयार होते हे आपण शाळेत शिकलो. पण त्याचा हिशोब सहसा कोणी सांगत नाही. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे पाचशे लिटर रक्त वाहावे लागते. दिवसाला वीस लिटर दूध देणारी गाय घेतली तर तिच्या कासेतून रोज दहा हजार लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ सात लिटर रक्त जाते. पाचशे किलो वजनाच्या गाईच्या अंगात सगळे मिळून रक्त असते चाळीस लिटरच्या आसपास. म्हणजे तेवढ्या रक्ताच्या दिवसाला अडीचशे फेऱ्या झाल्या! आपण सकाळी कपभर दूध घेऊन 'पातळ आहे' म्हणून नाक मुरडतो, त्यामागे हा एवढा रहाटगाडा अहोरात्र चाललेला असतो.

हे रक्त पोटातून खाली उतरणाऱ्या एका मोठ्या रोहिणीने जांघेतल्या बोगद्यातून कासेत येते. परत जाण्याच्या वाटा वेगळ्या. त्यांतली एक आपल्याला दिसते. बाजारात गाय पारखणारा जाणता माणूस तिच्या पोटाखालून छातीकडे गेलेली जाड नागमोडी शीर चाचपून पाहतो आणि तिला दुधाची शीर म्हणतो. तिच्यात दूध मुळीच नसते. कासेला भेटून हृदयाकडे निघालेले रक्त असते. एकट्या शिरेवरून गाय घेऊ नये, असे शास्त्र सांगते. पण ती चाचपणारा माणूस नकळत रक्ताच्या ओघालाच हात लावत असतो.

एवढ्या मोठ्या ओघावर पहारा कोणाचा? रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंची बारीक कडी असतात. ती आवळली की वाहिनी अरुंद होते, सैल सोडली की रुंद होते. या कड्यांपर्यंत मज्जातंतू पोचलेले असतात. शरीरात पुष्कळ ठिकाणी हे मज्जातंतू दोन प्रकारचे असतात: एक लगाम खेचणारे आणि दुसरे लगाम सोडणारे. शास्त्रात त्यांना अनुकंपी आणि परानुकंपी म्हणतात. चिंचेचा आकडा नुसता दिसला तरी आपल्या तोंडाला पाणी सुटते, ते परानुकंपी तंतूंमुळे. मेंदूकडून तंतूवाटे थेट निरोप येतो, लाळेच्या ग्रंथीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लाळ सुटते.

कासेची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे परानुकंपी तंतू पोचतच नाहीत. कमरेच्या मणक्यांतून निघून कासेपर्यंत येतात ते फक्त अनुकंपी तंतू, आणि इथल्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत त्यांना एकच काम ठाऊक आहे: आवळणे. वाचकहो, आजच्या या सबंध लेखातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच. गाईच्या कासेत 'दे' म्हणून सांगायला मेंदूकडून एकही तंतू आलेला नाही. 'थांब' म्हणून सांगायला मात्र आलेले आहेत.

मग एरवीचा ओघ कोण चालवते? बराचसा कास स्वतःच चालवते. पेशी दूध बनवण्याच्या कामाला लागल्या की त्यांच्यातून कार्बन डायॉक्साइडसारखे पदार्थ बाहेर पडतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, आणि वाहिन्या रुंद होतात. जितके काम तितके रक्त. याचा मोठा नमुनेदार पुरावा इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम येथील संस्थेत लिंझेल या शास्त्रज्ञाने दिला. त्याने शेळीची स्तनग्रंथी मूळ जागेवरून काढून तिच्याच मानेत बसवली आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडून दिली. मज्जातंतू सगळे तुटलेले. १९६३ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. मानेतली ती ग्रंथी दूध देत होती! दूध तयार करायला रक्त हवे, मज्जातंतू नसले तरी चालतात, हे त्यातून निर्विवाद दिसले.

दूध तयार होण्याचे असे. आणि तयार झालेले दूध उतरण्याचे? त्यासाठीचा निरोप फार मजेदार वाटेने येतो. वासरू सडाला लागले, किंवा धार काढणाऱ्याचा हात लागला, की सडाच्या कातडीतले संवेदना नेणारे मज्जातंतू ती वार्ता पाठीच्या कण्यातून मेंदूकडे नेतात. इथपर्यंत तारेने गेल्यासारखे. पण उत्तर तारेने येत नाही, ते टपालाने येते. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी आहे. तिचे मराठी नाव ज्याने ठेवले त्याला दाद द्यायला हवी: पीयूषिका. पीयूष म्हणजे अमृत, आणि संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकालाही पीयूषच म्हणतात. या ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते, रक्ताबरोबर हृदयात जाते, तिथून कासेत येते आणि पुटकुळ्यांभोवतीच्या जाळ्या आवळते. या सगळ्या प्रवासाला गाईत साधारण मिनिटभर लागते. म्हशीत दोन मिनिटे किंवा त्याहूनही अधिक. गवळ्याला म्हशीखाली बसून जास्त वेळ सड चोळावे लागतात, ते उगीच नव्हे.

आता पाहा. निरोप रक्तातून यायचा. आणि रक्ताच्या वाटेवर पहारा आहे तो फक्त 'थांब' म्हणणाऱ्यांचा. माझ्या फटाक्यांच्या माळेने नेमके काय केले, ते आता उघड होते.

गंमत अशी, की माझ्या गुन्ह्याशी बराच जुळणारा गुन्हा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शास्त्राच्या नावाने करून झालेला होता. ईली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दोन मिनिटे, दर दहा सेकंदांनी, हवा भरलेल्या कागदी पिशव्या फोडल्या. गाईने पान्हा चोरला. मग भीतीच्या वेळी मूत्रपिंडाशेजारच्या ग्रंथींतून जे अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सुटते, तेच गाईला सुईने टोचले. मांजर नाही, पिशव्या नाहीत, तरी पान्हा उतरेना. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कासेच्या एका अर्ध्या भागाचे मज्जातंतू कापले आणि धार काढली. दोन्ही अर्ध्या भागांत पान्हा सारखाच आला. म्हणजे पान्ह्याचा हुकूम तंतूंनी येत नाही, रक्तानेच येतो. पुढच्याच वर्षी पीटरसन आणि लुडविक यांनी पान्हवलेल्या गाईचे रक्त शरीरापासून वेगळ्या काढलेल्या कासेतून फिरवले, तर त्या सुट्या कासेतूनही दूध उतरू लागले!

भीतीचे कुलूप दुहेरी असते. एक कुलूप कासेत. अनुकंपी तंतू आणि अ‍ॅड्रिनॅलिन मिळून कासेतल्या रक्तवाहिन्या आवळतात. रक्ताचा ओघ आटतो आणि त्यातून येणारे ऑक्सिटोसिन जाळ्यांपर्यंत पुरेसे पोचतच नाही. टपाल निघाले, पण पूल बंद. दुसरे कुलूप मेंदूत. केंब्रिजच्या क्रॉस यांनी १९५० नंतरच्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवले, की घाबरलेल्या आईच्या मेंदूतून पुष्कळदा ऑक्सिटोसिन सुटतच नाही. टपाल निघालेच नाही. पुढे १९९३ साली ब्रुकमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईंना नेहमीच्या जागेऐवजी अनोळखी जागी नेऊन धार काढली, तेव्हाही हेच आढळले. मारझोड नाही, फटाका नाही, फक्त जागा परकी. तेवढ्यानेही संप्रेरक सुटेनासे झाले.

आजी बरोबर होती. तांबू दूध चोरत नव्हती. चोरायला मन लागते, बेत लागतो. तिच्या अंगात एक दार बंद झाले होते आणि ते तिला स्वतःला उघडता येत नव्हते. 'पान्हा चोरणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मोठा अन्यायाचा आहे. त्या शब्दामुळेच गाईच्या पाठीत काठी बसते. काठी बसली की आणखी अ‍ॅड्रिनॅलिन, आणखी आवळलेल्या वाहिन्या, आणखी कमी दूध. चोर समजून मारावे, आणि मारल्यामुळे चोरी वाढावी, असा हा न्याय.

यात नुकसान एका वेळच्या दुधाचेच होते असेही नाही. दूध कासेत तुंबून राहिले की दिवसाभरात रक्ताचा ओघही मंदावत जातो. ओघ मंदावला की नवे दूध कमी तयार होते. रोज रोज असे झाले तर गाय वेळेआधीच आटते. ज्या घराचे मीठ-तेल दोन गाईंच्या दुधावर चालते, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणि हे गाईचेच आहे असे समजू नका. १९४८ साली न्यूटन नावाच्या अमेरिकन दांपत्याने अंगावर पाजणाऱ्या एका आईवर प्रयोग केला. पाजण्याच्या वेळी कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी तिला गणिते घातली, कधी पायाची बोटे ओढली. बाळाला दूध कमी मिळाले. मग तेच त्रास देताना ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा दूध पुन्हा जवळजवळ पूर्वीइतके आले. दूध होतेच; उतरत नव्हते. "बाळंतिणीला आणि दुभत्या गाईला वेडंवाकडं बोलू नये," असे आजी म्हणायची. ज्या घरात सून बाळंतीण आहे आणि तिला रोज 'तुला दूधच नाही' म्हणून टोचून बोलतात, त्या घराने हा प्रयोग भिंतीवर लिहून ठेवावा.

आता आपल्याकडच्या गाईंचे एक वैशिष्ट्य. युरोपातल्या गाईंची वासरे जन्मल्यावर लौकरच वेगळी करतात. त्या गाई हाताला किंवा यंत्राला पान्हवतात. पिढ्यान् पिढ्या तशाच निवडलेल्या. आपली खिल्लार, डांगी, देवणी किंवा लाल कंधारी गाय मात्र सहसा वासरू समोर असल्याशिवाय सैल होत नाही. म्हशीचेही पुष्कळसे असेच. वासराचा वास, त्याची ढुशी, त्याचे हंबरणे हीच तिच्या मेंदूतल्या कुलपाची किल्ली. म्हणून वासरू मेले की गोठ्यावर दुहेरी आपत्ती येते. काही ठिकाणी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवतात. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. ज्याने हे पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही.

पण पेंढ्याचे वासरू ही दयाच म्हणायची, असे उपाय माणसाने केले आहेत. त्यांतला सर्वांत जुना आणि ओंगळ उपाय म्हणजे फुंका. गाई-म्हशीच्या जननमार्गात नळीने हवा फुंकायची. वासरू जन्मताना तो मार्ग ताणला जातो आणि त्या ताणानेही मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते. म्हणजे प्रसूतीच्या वेदनेचे सोंग आणून दूध उतरवायचे. शक लोक आपल्या घोड्यांना हाडाच्या नळ्यांनी असे फुंकतात, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. कलकत्त्याकडचे गवळी जनावरांचे कसे हाल करतात, हे वाचून गांधीजींच्या मनावर परिणाम झाला, आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले त्यामागचे ते एक कारण होते. पुढे १९१९ च्या आरंभी मोठ्या दुखण्यातून उठताना, शेळीच्या दुधाला काय हरकत आहे, असे कस्तुरबांनी सुचवले आणि गांधीजी शेळीच्या दुधावर आले. हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे; त्यामागे फुंका होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात फुंक्यासाठी स्वतंत्र कलम आहे, बारावे. हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. १९८२ साली त्या कलमात, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे काहीही टोचणे, हेही घातले गेले. कारण तोवर फुंक्याची जागा सुईने घेतली होती. अमेरिकेतल्या द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवून दाखवले आणि त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून असंख्य माउल्यांचे प्राण वाचवणारे ते औषध. तेच स्वस्त बाटलीतून गोठ्यात शिरले. या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली ते बनवण्याचा अधिकार एका सरकारी कंपनीपुरता ठेवायचे ठरवले. पण माउल्यांना औषध मिळेनासे होईल, हा धोका ध्यानात घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात तो आदेश रद्द केला. एकच औषध, एका आईला जीवदान आणि दुसऱ्या आईला जुलूम; कायद्यालाही त्यातून वाट काढणे जड गेले.

कोणी म्हणेल, सुईने काय बिघडते? दूध तर उतरते! उतरते, पण रोज बाहेरून हुकूम मिळू लागला की काही दिवसांनी आतल्या हुकुमाचा जोर ओसरतो. वासरू ढुशा देते, हात सड चोळतो, पण गाय सुईशिवाय पुरती पान्हवत नाही. तिच्या मायेची जागा बाटलीने घेतली, एवढाच त्याचा अर्थ. आणि भीतीचे पहिले कुलूप, ते रक्तवाहिन्यांचे, तसेच राहते. ज्या गोठ्यात काठी, कोंडी आणि आरडाओरडा आहे तिथे सुई लागते. जिथे सुई लागते तिथे वासराची गरज उरत नाही. आणि ज्याची गरज उरत नाही त्या वासराला पोटभर दूध कोण पाजणार?

मग करावे काय? शास्त्र जे सांगते ते आजीच्या गोठ्यात होतेच. धारेची वेळ एक, जागा एक, शक्यतो हात एक. आधी वासरू सोडावे. कोमट पाण्याने कास धुवावी. ते स्वच्छतेसाठी आणि निरोपासाठीही. पुढ्यात थोडे आंबोण ठेवावे. खाता खाता गाय चांगली पान्हवते. पान्हा सुटला की मात्र रेंगाळू नये. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, तेव्हा सहा-सात मिनिटांत धार आटोपावी. आणि पान्हा आला नाही तर? तर थांबावे. एवढाच उपाय. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो धीर, आणि धीर हीच गोष्ट रतीबाच्या घाईत सर्वांत महाग असते, हे मला मान्य आहे.

दिवाळीच्या निमित्ताने एक विनंती. फटाका उडवायचाच असेल तर भिंतीपलीकडे कोण आहे ते आधी पाहावे. तिथे गोठा असेल, किंवा पाजत बसलेली एखादी आई असेल. आपल्याला तो क्षणाचा आवाज असतो. पलीकडे एक दार बंद होते आणि ते उघडायला वेळ लागतो.

त्या दिवशी उन्हे अंगणात आल्यावर आजीने चरवीतले दूध मापून तांब्यात ओतले आणि तांब्या माझ्याच हातात दिला. फराळाला बसायच्या आधी तो खालच्या आळीत पोचवायचा होता. मी एक थेंब न सांडता नेला. बाळ तोवर झोपले होते. दारातल्या आजीबाईंनी तांब्या घेतला, रिकामा करून परत दिला, आणि वर माझ्या हातावर एक करंजी ठेवली. ती मी तिथेच खाल्ली नाही. घरी आणली आणि गोठ्यात जाऊन तांबूपुढे धरली. तिने ती खाल्ली, आणि मग तिची खरखरीत जीभ माझ्या हातावरून फिरली.

वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.